साळूबाईने दार ओढून घेतलं

मुंगसऱ्याच्या साळूबाईला ओळखत नाही असा माणूस नाशिकच्या फूलबाजारात शोधून सापडायचा नाही. पस्तीस वर्षं ती पहाटेच्या टेम्पोने शेवंती-झेंडूचे क्रेट घेऊन यायची, ठरलेल्या जागी पोतं अंथरून बसायची आणि दुपारपर्यंत माळा बांधायची. हात फुलांत, तोंड गिऱ्हाइकांत. "ओ भाऊ, वास काय घेताय? देवाला चढवायचीत ना?" असं म्हणाली की समोरच्याला हसावंच लागायचं. दिवसाकाठी शंभर माणसांशी बोलल्याशिवाय हिचं जेवण पचत नाही, असं तिची जाऊ चांगुणा म्हणायची, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं.

अशा बाईवर तीन महिने तोंड मिटून बसायची वेळ आली.

तिचा धाकटा मुलगा रविराज माल्टाला होता. माल्टा म्हणजे समुद्रातलं एक बेट, आपल्या एखाद्या तालुक्याहून लहान. रविराज तिथे हॉटेलच्या स्वयंपाकघरात, सून निकिता दवाखान्यात नर्स. निकिता विंचूरची, हुशार, कामाला वाघ. त्यांना रुद्र झाला. तो पाच महिन्यांचा झाला तेव्हा निकिताची रजा संपली, आणि पाळणाघरात जागा मिळायची होती ऑगस्टच्या मध्यावर. मधले तीन महिने बाळाला बघायचं कुणी?

"तूच जा," नवरा पुंजा म्हणाला. "इमानात बसशील, नातू खेळवशील. फुलांचं मी अन् चांगुणा बघतो."

मे महिन्यात साळूबाई विमानातून उतरली. मुलाने मिठी मारली, सून पाया पडली, बाळ बघून प्रवासाचा शीण गेला. गाव सुरेख होतं. पिवळट दगडांची घरं, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या गॅलरीतल्या बाईला हातातून वाटी देता यावी. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. साळूबाईने खिडकीची लाकडी दारं सताड उघडली आणि खाली वाकून पाहिलं, तशी निकिता धावत आली.

"आई, उघडू नका. फट ठेवा फक्त."

"का गं? वारं येऊ दे की."

रविराजने खाली मान घालून सांगितलं. घराच्या करारात दोन माणसं आणि एक बाळ एवढंच लिहिलेलं. पाहुणा पंधरा दिवसांच्या वर ठेवायचा नाही. मालक कडक. आधीच्या भाडेकरूंना त्याने याच कारणावरून बाहेर काढलं होतं, आणि दुसरं घर मिळणं म्हणजे महाकर्मकठीण.

"म्हणजे मी हाय हे कुणाला कळायला नको?"

"तीनच महिने, आई."

निकिताने मोबाईलवर मालकाचा फोटो दाखवला. विन्सेंट त्याचं नाव. रुंद खांद्याचा, करड्या मिशांचा. "हा दिसला तर दार उघडायचं नाही. बेल वाजली तरी गप्प बसायचं." मग दाराचं सांगितलं. ते बाहेरून ओढलं की आपोआप बंद होतं, किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ल्या दोनच, एक रविराजकडे, एक निकिताकडे. "म्हणून तुम्ही बाहेर पडूच नका. अडकाल."

बाहेर पडलं तर अडकाल! साळूबाईला त्या वेळी हसू आलं होतं. पुढे आलं नाही.

निकिता पहाटे सहाला निघायची, रविराज दहाला. मग ती आणि रुद्र. बाळाचं अंघोळपाणी, दूध, झोप. खिडकीच्या फटीतून बोटभर गल्ली दिसायची. बाळ रडलं तरी तिचा जीव वरखाली व्हायचा, कुणी ऐकेल म्हणून. ओव्या म्हणायच्या त्याही कुजबुजत. एकदा बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं तर त्याच करड्या मिशा. बाळाला छातीशी धरून ती न्हाणीघरात जाऊन बसली, रुद्रच्या तोंडाशी बोट देऊन, तो जाईपर्यंत. स्वतःच्या मुलाच्या घरात चोरासारखी. त्या दिवशी पुंजाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "मला घरी यायचंय."

"अगं, गपचूप र्‍हा. किती दिवस उरले आता?"

"तुम्ही बसा ना हितं येऊन. मग मोजा."

मुलाला बोलून दाखवलं नाही. तो चौदा-चौदा तास उभा राहून यायचा. निकिता तर उभ्याउभ्याच झोपायची. कधी कणीक मळताना तिचे डोळे मिटलेले दिसायचे. त्यांना काय सांगायचं?

या सगळ्यात एक माणूस होतं. समोरच्या घराच्या गॅलरीत एक म्हातारी बसायची, काळा झगा, पांढरे केस, मांडीवर भरतकाम. फटीतून साळूबाई तिला बघायची. आठवडाभराने लक्षात आलं की म्हातारीही बघते. एकदा तिने सुईचा हात वर करून हलवला. साळूबाई झटकन मागे सरली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी गेली. पुढे रोज सकाळी म्हातारी हात हलवायची आणि साळूबाई फटीतून दोन बोटं बाहेर काढायची. हे तिने घरात कुणाला सांगितलं नाही.

जुलैच्या अखेरीला गल्ली सजायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल मखमली पडदे, झेंडे, दिव्यांच्या माळा, कोपऱ्यावर लाकडी चौथऱ्यावर देवदूत. निकिता म्हणाली, गावची जत्रा आहे. सांता आन्ना ही इथली देवी समजा, येशूच्या आईची आई. रविवारी तिची मिरवणूक. त्या दिवशी दोघांनाही सुट्टी नव्हती. जत्रेत तर हॉटेल भरलेलं.

रविवारी सकाळी आठला पहिला बार उडाला. वणीच्या गडावर जत्रेत साळूबाईने आवाज कमी ऐकले नव्हते, पण हा तोफेसारखा होता. खिडकीच्या काचा थरथरल्या, रुद्र झोपेतून किंचाळून उठला. त्यानंतर दर पाच मिनिटांनी धडाम. दहा वाजता रविराज गेला आणि अकराच्या सुमाराला पंखा थांबला.

आधी वाटलं, येईल वीज. मग बघितलं तर समोरच्या घरात दिवे चालू. तिने रविराजला फोन लावला.

"फ्यूज उडाला असेल आई. पेटी खाली जिन्याशी आहे, पण तिला कुलूप असतं."

"किल्ली कुणाकडं?"

पलीकडे भांड्यांचा खणखणाट होता. रविराजने सांगितलं, "मालकाकडे."

"मग सांग त्याला."

"त्याला सांगितलं तर तो वर येईल ना. आई, निकिता साडेसातला येते. तेवढं काढ कसंतरी. मी सुटूच शकत नाही, रस्तेपण बंद केलेत." कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

साडेसात म्हणजे आठ तास. पश्चिमेची खिडकी, वर तापलेली गच्ची. घर भट्टीसारखं झालं. बाराला नळ कोरडा पडला. पाण्याचा पंपही विजेवरच. बादलीत होतं तेवढ्या पाण्यात फडकं भिजवून ती बाळाचं अंग पुसत राहिली. निकिताने आदल्या दिवशी काढून ठेवलेलं दूध फ्रीजमध्ये होतं, पण त्या जुन्या फ्रीजचं दार नीट मिटत नव्हतं. एकला बाटली काढली तर वास फिरलेला. ती मोरीत ओतली. हंड्यातलं उकळलेलं पाणी चमच्याने पाजलं, तर रुद्रने मान फिरवली. मोबाईलवर गाणी लावून बाळाला गप्प करण्यात त्याची बॅटरी संपली होती.

मग बाळ रडायचं थांबलं, आणि त्यानेच ती घाबरली. इतका वेळ बार उडाला की किंचाळणारं पोर आता नुसतं दचकत होतं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे, अंग तापलेलं. मोतीराम, तिचा थोरला, आठ महिन्यांचा असताना असाच गप्प झाला होता, मळ्यातल्या झोपडीत, उन्हाळ्यात. तेव्हा पुंजाने सायकलवर नाशिकपर्यंत नेलं म्हणून तो वाचला.

तिने रुद्रला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि दाराशी आली. कडी काढली. बाहेर जिन्यात गार सावली होती. तिथेच उभं राहावं, एक पाय दारात ठेवून, असं क्षणभर वाटलं. पण सावलीने बाळाच्या पोटात काही जाणार नव्हतं. खालून बँडचा आवाज येत होता. किल्ली नव्हती, फोन नव्हता, इथल्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. दारात पोळपाट अडकवून जावं का? मग चोराचिलटाचं काय? सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात होते. मग तिने स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं. खट्ट आवाज झाला.

खाली उतरून रस्त्याचं दार उघडलं आणि ती माणसांच्या भिंतीवर आपटली. गल्ली गच्च भरलेली. पुढे बँड, मागे नाचणारी तरुण पोरं, गॅलऱ्यांतून रंगीत कागदांचे तुकडे पोत्यांनी ओतत होते. पाऊल टाकायला जागा नव्हती. मागे वळावं तर रस्त्याचं दारही मागे मिटलेलं. डोक्यावर कागद, कानात तुताऱ्या, छातीशी पोर, आणि ती दाराच्या पायरीवर खिळलेली. "पाणी," ती ओरडली. "ओ दादा, पाणी! लेकरू बघा!" शंभर गिऱ्हाइकांवरून जाणारा तिचा आवाज, पण बँडपुढे तोही बुडाला. एका माणसाने हसून तिच्यावर मूठभर कागद उधळले.

तेवढ्यात समोरून हाक आली. "एय्या! एय्या!"

समोरच्या घराच्या दारात तीच म्हातारी उभी होती, दोन्ही हातांनी बोलावत. शब्द कुठलाही असो, साळूबाईला तो "या, या" असाच ऐकू आला. म्हातारीने हातातली काठी आडवी धरली आणि नाचणाऱ्या पोरांना खडसावलं. काय बोलली कोण जाणे, पण गर्दी फाटली. साळूबाई चार पावलांत पलीकडे पोचली.

आत जाड दगडी भिंतींचा गारवा होता. म्हातारीने एक प्रश्न विचारला नाही. बाळाला हातात घेतलं, कपाळाला गाल लावून बघितला, आणि आतल्या बायांना हुकूम सोडले. त्यांच्यातल्या एका बाईचं स्वतःचं तान्हं होतं. तिने दुधाची बाटली आणली, दुसरीने गार पाण्यात टॉवेल पिळला. रुद्रने बाटलीला आधी तोंड लावलं नाही, मग लावलं, मग इतका ओढायला लागला की साळूबाईला रडू फुटलं. म्हातारीने तिच्या पाठीवर थोपटलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "कारमेना." मग तिच्याकडे बोट केलं.

"साळूबाई."

"नान्ना?" कारमेनाने बाळाकडे दाखवत विचारलं. साळूबाईला नाना म्हणजे पुरुषमाणूस. ती गोंधळली. मग कळलं, आजी म्हणतेय.

"हां, आजी. मीच आजी."

बाळ पंख्याखाली झोपलं. त्याच्या कपाळावर घाम आला, चांगला घाम, तेव्हा साळूबाईने श्वास सोडला आणि पहिल्यांदा खोलीभर नजर फिरवली. टेबलावर बशीत तिळाच्या वड्या, भिंतीवर मेरीचं चित्र, त्याखाली फोटो. पांढरा झगा घातलेला, खांद्यावर उशी घेतलेला एक माणूस. रुंद खांदे, करड्या मिशा.

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

कारमेनाने तिची नजर पाहिली. अभिमानाने फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "विन्सेंट." मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला. माझा मुलगा.

ज्याच्यापासून अडीच महिने लपली त्याच्याच आईच्या घरात ती येऊन बसली होती. उठावं आणि जावं, पण कुठे? बाळ झोपलेलं. घर बंद. बाहेर माणसांचा लोंढा. तो आईकडे जेवायला येणार नाही कशावरून? दार वाजलं की ती अर्धवट उठायची. कुणी मावशी यायची, कुणी शेजारीण. जी ती लुगड्याकडे, कुंकवाकडे बघायची, हसायची, बशी पुढे करायची. "हेल्वा," एकजण म्हणाली. हलवाच होता की. तोंडात टाकला, पण चव लागली नाही. पोराचं घर जाणार, आणि ते माझ्यामुळे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

चारच्या सुमाराला बायका अंगणात जमल्या. बादल्यांमध्ये पांढरी आणि लाल कार्नेशनची फुलं होती. भिंतीवर जाईसारखा वेल चढलेला, त्याच्या कळ्या तोडून परातीत ठेवलेल्या. संध्याकाळी सांता आन्नाचा पुतळा या दारापुढे थांबणार होता. कारमेनाचा नवरा चाळीस वर्षं पुतळा वाहणारा खांदेकरी होता, त्याचा हा मान. त्यासाठी फुलांचा गुच्छ करायचा होता. पण कारमेनाची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. दोरा तिच्या हातून सुटे, ती पुन्हा धरी, पुन्हा सुटे. सुनाबाळी "द्या इकडे" म्हणत असाव्यात, ती देत नव्हती.

साळूबाईला ते बघवेना. तिने परात ओढून घेतली. शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला, एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं आणि सुई न घेता बोटांनी कळ्या बांधायला लागली. दोन इकडे, दोन तिकडे, फेर, गाठ. मध्ये लाल कार्नेशन. पुन्हा जाई. भीतीने आखडलेले हात पाच मिनिटांत सैल झाले. दोरा सरसर पुढे जाऊ लागला. अंगणातली बडबड थांबली. एक बाई मोबाईलवर चित्रण करायला लागली, दुसरी तिच्या शेजारी मांडी घालायला गेली आणि झग्यात अडकून पडली, तशा सगळ्या हसल्या. साळूबाईही हसली. मग बोलायला लागली. मराठीतच. "अशी कळी धरायची. दाबायची नाय, मरते ती. हां, आता फेर घे. अगं उलटा कशाला?" कुणाला काही कळत नव्हतं आणि सगळ्या ऐकत होत्या. अडीच महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती.

साडेसहाला दोन हात लांबीची भरगच्च माळ तयार झाली. कारमेनाने ती उचलून वजन बघितलं, वास घ्यायला नाकाशी नेली. साळूबाईने चटकन तिचा हात धरला. "वास नाय घ्यायचा. देवीची हाय." कारमेना थबकली. तिने माळ खाली केली आणि मान हलवली, अगदी समजल्यासारखी.

घंटा वाजायला लागल्या. ऊन अजून होतं. कारमेनाने बाळाला आपल्या सुनेच्या कडेवर दिलं आणि साळूबाईचं मनगट पकडलं.

"मी नाय. मी हितंच बसते. नको मला बाहेर," साळूबाई म्हणाली. तिने चौकटीला हात धरला. पण वाकड्या बोटांची पकड कमालीची घट्ट होती आणि मागून बायका लोटत होत्या. क्षणात ती रस्त्याच्या मधोमध उभी, हातात माळ, दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

पुतळा आला. लाकडी चौरंगावर उंच उभी केलेली एक प्रौढ बाई, सोन्याच्या काठांचा निळा पदर, आणि तिच्या गुडघ्याशी एक लहान मुलगी. बाई मुलीला पुस्तक वाचायला शिकवत होती. साळूबाईने नकळत हात जोडले. मग नजर खाली आली. पुढच्या दांड्याखाली, पांढऱ्या झग्यात, खांद्यावर फोटोतली ती उशी, घामाने निथळणारा विन्सेंट.

त्याने तिला पाहिलं. आधी आईकडे, मग सुनेच्या कडेवरच्या बाळाकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. आपल्या भाडेकरूचं बाळ त्याने ओळखलं. कपाळावरची शीर फुगली, ओठ हलले. पण खांद्यावर देवी होती. त्याला मानसुद्धा वळवता येत नव्हती. आणि साळूबाईलाही मागे जायला वाव नव्हता. हातभर अंतरावर दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. एवढी कोंडलेली ती त्या बंद घरातही नव्हती.

"एय्या, साळूबाई," कारमेना हलकेच म्हणाली.

साळूबाई पुढे झाली. पुतळ्यापर्यंत हात पोचणार नव्हता. चौरंगाच्या कोरीव खुंटाला, विन्सेंटच्या कानाशेजारीच, तिने माळ अडकवली. घाईतही दोन्ही बाजू सारख्या सोडल्या. ती सवय होती. टाळ्या पडल्या, बँड वाजला, खांदेकऱ्यांनी पाऊल उचललं आणि देवी डुलत पुढे गेली.

गर्दी सरकली तेव्हा पलीकडे निकिता उभी दिसली. दवाखान्याचा निळा गणवेश, खांद्याला पिशवी, चेहरा पांढराफटक. तिने सगळं पाहिलं होतं.

कारमेना निकिताशी इंग्रजीत बराच वेळ बोलली. काठी आपटून बोलली. निकिता बाळाला कवटाळून ऐकत होती आणि तिची मान खाली जात होती. घरी येऊन दार उघडलं, मेणबत्ती लावली, तरी ती पिशवी खांद्यावरून उतरवीना.

"काय म्हणत होती गं?"

"ती म्हणत होती, दोन महिने खिडकीच्या फटीत एक बाई दिसते. कधी बाहेर येत नाही. तिला वाटलं, कुणीतरी कोंडून ठेवलंय. पोलिसांना सांगावं का, असा विचार करत होती." निकिताचा आवाज चिरकला. "आई, आम्ही तुम्हाला कोंडून ठेवलं होतं का?"

नाही गं, असं म्हणायला साळूबाईचं तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं. खोटं बोलून या पोरीचं भलं होणार नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "ठेवलं होतं. वाईट मनानं नाय. पण ठेवलं होतं."

निकिता जमिनीवर बसली आणि हमसून रडली. रडता रडता म्हणाली, "मी दोन वर्षं या गावात राहते. ही जत्रा आज पहिल्यांदा बघितली. मागच्या वर्षी रात्रपाळी करून आले होते, कानावर उशी दाबून झोपले. त्या म्हातारीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं."

साळूबाईने तिला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावरची पिशवी काढून ठेवली.

सोमवारी सकाळी विन्सेंट आला. या वेळी साळूबाईने स्वतः दार उघडलं. त्याने फ्यूज घातला, नळ बघितला आणि दारातच उभ्याने रविराजशी बोलला. तिकिटाच्या तारखेपर्यंत यांना राहू दे. पण करार डिसेंबरला संपतो, तो पुढे वाढवणार नाही. दुसरं घर बघा. आवाज चढवला नाही. जाताना साळूबाईकडे बघून मान किंचित लववली, एवढंच.

रविराज दोन दिवस आईशी धड बोलला नाही. "थोडं थांबली असतीस तर," असं एकदा म्हणाला. तेव्हा निकिताच उसळली, "अजून थांबल्या असत्या तर रुद्रला सलाईन लावायला लागलं असतं. मी नर्स आहे, मला सांगू नकोस." तिसऱ्या दिवशी कामाला जाताना त्याने आपली किल्ली आईच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. तेव्हापासून तो आला की बेल वाजवायचा.

उरलेले तीन आठवडे साळूबाई रोज पाचला रुद्रला घेऊन खाली उतरायची. कारमेनाच्या पायरीवर दोघी बसायच्या. एक मराठीत बोलायची, एक तिच्या भाषेत. पण म्हणून सगळं गोड झालं असं नव्हे. वर गेली की भिंती पुन्हा अंगावर यायच्या, आणि मुलाला घर सोडावं लागणार हा काटा सलत राहिला. तिने सप्तशृंगीला साकडं घातलं, बाई, या पोरांना छप्पर दे.

ऑगस्टमध्ये ती परत आली आणि दुसऱ्याच पहाटे टेम्पोत बसली. फूलबाजारात महिनाभर तिची गोष्ट पुरली. रविराजला डिसेंबरात घर मिळालं, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, लहान आणि ओलसर. पण तिथल्या कागदावर निकिताने आग्रहाने लिहून घेतलं की आईवडील येतील तेवढे दिवस राहतील.

"मग येणार ना पुन्हा?" तिने फोनवर विचारलं.

"आधी तू ये," साळूबाई म्हणाली.

जानेवारीत निकिता तीन आठवड्यांची रजा काढून रुद्रला घेऊन मुंगसऱ्याला आली. पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजले, दहा वाजले, तरी उठली नाही. भावकीतल्या बाया बाळाला आणि त्याच्या आईला बघायला दारात जमल्या. पुंजा दोनदा खाकरला.

"उठव की तिला. लोकं काय म्हणतील?"

साळूबाई उंबऱ्यातच शेवंतीची पाटी घेऊन बसली होती, वाट अडवून. तिने रुद्रला त्या बायांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हा घ्या, हा बघा. ती झोपलीय. झोपू द्या."

निकिता साडेअकराला उठली. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी. सासूशेजारी बसून तिने चहा घेतला, अंगणातलं ऊन बघितलं, आणि म्हणाली, "आई, उद्या मी येऊ बाजारात तुमच्याबरोबर?"

"साडेचारला उठावं लागंल."

निकिताने जरा विचार केला. "मग परवा," ती म्हणाली, आणि दुसरा कप मागितला.